गेरूच्या खुणेची अंडी

म्हाळसाबाईच्या कोंबडीला कुणी खडा मारला, तर ती त्याच्या सात पिढ्या गल्लीत उभ्या करायची. पण तिच्या सुनेवर गाव उठलं, तेव्हा पहिला खडा तिनंच मारला होता.

गाव मन्नाएखेळ्ळीपासून दीड कोसावर. म्हाळसाबाई धनगराची. सासऱ्याच्या काळात घरात दोनशे मेंढरं होती. एका साथीत ती गेली, आणि पाठोपाठ नवराही गेला. उरला अंबाजी नावाचा एक मुलगा, धाब्याचं दोन खणांचं घर आणि अंगणातल्या कोंबड्या. अंबाजी दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. कोंबड्या मात्र म्हाळसाबाईच्या, आणि त्यांच्या बाबतीत तिचा शब्द पंचक्रोशीत शेवटचा. कोणती कोंबडी खुडूक झाली हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. अंडी घालायचं थांबवून कोंबडी रिकाम्या जागी बसून राहते, पोटाची पिसं उपटून काढते आणि हात पुढे केला की फुगून गुरगुरते. बायका म्हणायच्या, रागावली. म्हाळसाबाई म्हणायची, "रागावली न्हाई. आई व्हायलीय."

गावात उद्धवराव देशमुखांची गढी होती. देशमुखांना झुंजीच्या असील कोंबड्यांचा नाद. असील म्हणजे उंच मानेचा, घट्ट पिसांचा, मरेपर्यंत पाठ न दाखवणारा कोंबडा. पण असीलाची मादी वर्षात फार तर दोनदा अंड्यावर येते, आणि अंगानं इतकी जड की उबवायला बसली तर निम्मी अंडी स्वतःच्याच वजनाखाली फोडते. म्हणून गढीची अंडी म्हाळसाबाईच्या गावरान कोंबड्यांखाली यायची. बारा अंड्यांतली दहा गढीची आणि दोन बसवणाऱ्या बाईची, असा रिवाज तिचा नवरा होता तेव्हापासूनचा.

त्या दोनांपैकी एका अंड्यातून निघालेला कोंबडा अंबाजीनं वाढवला. हुमनाबादेच्या जत्रेच्या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर झुंजी लागायच्या. झुंजीच्या फेरीला ते लोक पाणी म्हणतात. दुसऱ्याच पाण्यात अंबाजीच्या कोंबड्यानं देशमुखांचा कोंबडा पळवून लावला. देशमुख मोठ्यानं हसले, स्वतःच्या हातानं त्यांनी अंबाजीच्या डोक्याला रुमाल बांधला. पाच गावचे लोक बघत होते. त्याच वैशाखात अंबाजीचं लग्न झालं आणि कडगंचीच्या लिंगाप्पाची मुलगी अनसा घरात आली.

या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. गावानं त्यातली एकच ध्यानात ठेवली.

पुढच्या हंगामात गढीचा कोंबडेवाला वीरण्णा अंडी घेऊन आला, तेव्हा त्यातल्या दोन अंड्यांच्या रुंद टोकाला गेरूचा लाल टिळा होता. "म्हाळसाक्का, ही तुजी दोन," तो म्हणाला. "आता वळखायला सोपं. उद्या भांडण नगं." तिला बरं वाटलं. गढीवाले आपला वाटा खूण करून देतात, यात तिला मान दिसला.

गढीच्या दहांतून नऊ पिल्लं निघाली. गेरूची दोन्ही कुजली.

दुसऱ्या वर्षी तेच झालं. म्हाळसाबाई अडाणी नव्हती. सातव्या दिवशी छपराच्या सवन्यातून, म्हणजे धूर जायला ठेवलेल्या भोकातून, उन्हाची तिरीप आत यायची. मुठीत अंडं धरून ती त्या तिरिपेत बघायची. कोंबडा लागलाच नसेल तर अंडं पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ते कितीही उबवा, रिकामंच. जीव धरला असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. गेरूच्या अंड्यांत या दोन्हींतलं काही नव्हतं. आत रक्ताचं एक कडं होतं. म्हणजे कोंबड्याची कसूर नव्हती, अंड्याचीही नव्हती. जीव धरला होता आणि नंतर कशानं तरी मेला होता.

कशानं, ते शेजारच्या चन्नम्मानं सांगितलं. "घरात नवी सून हाय की गं. तिच्या चार दिसात सावली पडली असंल."

झालं. अनसाला खुराड्याकडं फिरकायची बंदी झाली. मागच्या पडवीत ती ते चार दिवस काढायची, आणि तिथून तिची सावली खुराड्यापर्यंत पोचायला सूर्यालाच वाट वाकडी करावी लागली असती. एकदा तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "आत्याबाई, एकाच कोंबडीखाली बारा अंडी हायती. माझी सावली तुमच्याच दोनावर कामून पडती?"

म्हाळसाबाई म्हणाली, "गढीच्या अंड्याला गढीची पुण्याई हाय. तू मला शिकवायलीस का?"

सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला सुचलेला हा प्रश्न साऱ्या गावात कुणाला सुचला नव्हता. सुचला त्याच दिवशी सगळं उघड व्हायला हवं होतं. पण प्रश्न सुनेचा होता, आणि सुनेच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, तिला गप्प करायचं असतं, एवढं म्हाळसाबाई आपल्या सासूकडून शिकली होती.

त्या पावसाळ्यात अनसाला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. आठ-दहा दिवसांनी म्हाळसाबाई आडावर पाणी शेंदत होती. बायका हळहळत होत्या. कुणी काही विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "अंड्यात कुजतंय, तसंच पोटात बी कुजतंय हिच्या."

अनसा मागेच घागर घेऊन उभी होती. तिनं घागर भरली, घरी आणून उतरवली आणि त्या दिवसापासून सासूशी बोलणं सोडलं. अंबाजी ओसरीवर दावं वळत बसला होता. त्याच्यापर्यंत ते वाक्य दोन तोंडांनी पोचलं, तरी तो दावंच वळत राहिला. अशा पुरुषांना गाव गरीब स्वभावाचे म्हणतं. लिंगाप्पा येऊन मुलीला घेऊन गेला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणायला कुणी गेलं नाही. उलट अंबाजीसाठी दुसरी मुलगी बघायची बोलणी सुरू झाली. अक्षयतृतीयेच्या आत बार उडवायचा, असं चन्नम्माचा नवरा परस्पर ठरवून मोकळा झाला.

ते निजामाच्या जुबिलीचं साल. माघात वीरण्णा पुन्हा बारा अंडी घेऊन आला. सोबत याकूत नावाचा देशमुखांचा लाडका कोंबडाही आणला होता. झुंजीत त्याचा एक डोळा सुजला होता, मांडी फाटली होती. हळद-तेलाचं काम म्हाळसाबाईइतकं कुणाला जमत नव्हतं. "डालग्याखालीच ठिव," वीरण्णानं बजावलं. "तुज्या कोंबड्यात सोडू नको. मालकांचा हुकूम हाय."

तिनं याकूत डालग्याखाली, कामट्यांच्या उपड्या टोपल्यात, ठेवला. अंडी बसवली. रोज दाणे टाकायला कोंबडीला उठवायचं, तेवढ्यात अंडी कुशीवर फिरवायची, पुन्हा बसवायचं. सातव्या दिवशी तिनं तिरिपेत अंडी धरली. दहांत जाळी दिसली. गेरूच्या दोन्हींत रक्ताचं कडं होतं.

म्हाळसाबाई तिथंच, हातात अंडं घेऊन, बसकण मारून राहिली. घरात दुसरी बाईच नव्हती. तिचा स्वतःचा विटाळ संपून सहा वर्षं झाली होती. अनसा तीन दिवसांच्या वाटेवर, कडगंचीत. सावली टाकायला राहिलं होतं कोण?

ती अंडं घेऊन अंगणात आली. अंगठा थुंकीनं ओला करून तिनं गेरू पुसला. तीन वर्षांत हे तिनं एकदाही केलं नव्हतं, कारण तो टिळा तिला मानाचा वाटत होता. टिळ्याखाली राळ्याच्या दाण्याएवढा मेणाचा ठिपका निघाला. बाभळीच्या काट्यानं तिनं तो उचलला. खाली सुईनं पाडलेलं भोक होतं. आतून घाण वास आला.

दुसरं अंडं तिनं तसंच पुसलं. तिथंही मेण, तिथंही भोक.

ती अनवाणी गढीवर गेली. वीरण्णा कोंबड्यांसाठी बाजरी निवडत होता. तिनं त्याच्या सुपात ते अंडं ठेवलं, भोक वर करून.

वीरण्णानं बघितलं आणि हात थांबवला. "कळलं का," तो म्हणाला.

"किती वरसं झाली?"

"तुज्या अंबाजीनं माळावर मालकाचं नाक कापलं तवापासनं. गढीचं बेणं बाहेर जाऊ न्हाई, म्हणाले."

"मग द्यायची न्हाई म्हणून तोंडानं सांगायचं की रे."

"दोन अंडी बंद झाली म्हटल्यावर तू दहा बसवली असतीस का फुकट? असीलानं निम्मी फोडली असती. हुकूम व्हता अक्का. सुई मी टोचली, मन माझं न्हवतं."

"सुईला मन लागत न्हाई," म्हाळसाबाई म्हणाली. "माझी सून गेली रे घरातनं. तिला मी काय काय बोलले, तुला ठावं हाय? गल्लीतच ऱ्हातोस तू. ऐकलास न्हाई?"

वीरण्णा सूप खाली ठेवून उठला. तो वाईट माणूस नव्हता, आणि वाईट नसलेली माणसं जे बोलतात तेच तो बोलला. "ऐकलं. पण अंडी कुजव म्हणून हुकूम व्हता, अक्का. सुनेला घालव म्हणून गढीनं सांगितलं न्हवतं. ते तुमी तुमच्या मनानंच केलाव."

तिच्या तोंडात देशमुखांसाठी, गढीसाठी, वीरण्णाच्या बापासाठी साठवलेल्या शिव्या होत्या. त्यातली एकही बाहेर आली नाही. परतताना वाटेत ती दोनदा थांबली. चन्नम्मानं दारातून विचारलं, "काय झालं गं?" म्हाळसाबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चन्नम्मावर रागवावं तर शब्द चन्नम्माचा, पण तो उचलून पोरीच्या कपाळावर मारणारा हात कुणाचा? सुईचं भोक एवढंसं होतं. त्यात गावानं आणि तिनं मिळून एक अख्खी बाई कोंबली होती.

घरी येऊन तिनं याकूतचं डालगं उचललं.

अंगणात तिची तांबडी तलंग होती, नुकती अंड्यावर आलेली. याकूतची मांडी बरी झाली होती. त्यानं अंग झाडलं, मान ताठ केली आणि एक पंख जमिनीला घासत तलंगेभोवती अर्धा फेरा घेतला. तलंग आधी पळाली. दुसऱ्या फेऱ्याला थबकली. तिसऱ्याला पाय मुडपून, पाठ सपाट करून खाली बसली. कोंबडा तिच्या पाठीवर चढला, चोचीत मानेची पिसं धरली, शेपट्या आडव्या झाल्या आणि दहा आकडे मोजायच्या आत तो खाली उतरला. तलंगेनं पिसं फुलवून झटकली आणि पुन्हा माती उकरायला लागली. बस, एवढंच असतं. त्या एका वेळेचं बीज कोंबडी पोटात आठ-दहा दिवस जपून ठेवते आणि रोजच्या अंड्याला पुरवते. हे देशमुखांनाही ठाऊक होतं, म्हणून तर डालगं होतं. म्हाळसाबाईनं लागोपाठ चार दिवस डालगं उचललं.

पहिली दोन अंडी तिनं घेतली नाहीत. बीज अंड्याला लागायला दोन दिवस जातात. पुढची नऊ तिनं ज्वारीच्या कोंड्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवली. तोवर गढीची दहा पिल्लं निघाली. ती आणि याकूत वीरण्णाच्या ताब्यात देऊन तिनं टोपली डोक्यावर घेतली. गेरूचं एक कुजकं अंडं वेगळ्या चिंधीत बांधलं.

अंबाजीनं विचारलं, "कुटं निघालीस?"

"जी गेली तरी तू दावं वळत बसलास, तिच्याकडं."

"मी काय बोलणार व्हतो, आई? तूच बोललीस."

"व्हय. मी बोलले. आता मीच जायलेय. तू कोंबड्यास्नी पाणी ठिव, तेवढं तरी जमंल."

हुमनाबादेत एक मुक्काम, पुढं आणखी एक. डोक्यावर अंडी म्हणून ती गाडीत बसली नाही, धक्क्यानं आतला बलक फुटतो. कडगंचीला पोचली तेव्हा लिंगाप्पा अंगणात घोंगडं झटकत होता.

"इनबाई, वाट चुकलाव का?" तो म्हणाला. "तुमच्या पोरासाठी पोरगी बघायलाव म्हणे. ती आमच्या गावात न्हाई."

म्हाळसाबाई दगडावर बसली. तिनं चिंधी सोडली आणि सगळं सांगितलं. सुई, मेण, गेरू, तीन वर्षं. लिंगाप्पानं अंडं हातात घेऊन भोक बघितलं, नाक मुरडून खाली ठेवलं. अनसा दारात उभी राहून ऐकत होती. बारीक झाली होती.

"देसमुखानं फसवलं मला," म्हाळसाबाई शेवटी म्हणाली.

"तुमाला अंड्यात फसवलं," अनसा म्हणाली. सात-आठ महिन्यांनी ती सासूशी बोलली ते हे. "माझ्या बाबतीत कुणी फसवलं?"

म्हाळसाबाईनं टोपली पुढं सरकवली. "ही नऊ चांगली हायती. याकूतची. तुझ्यासाठी आणली. चल घरी."

अनसानं टोपलीत हात घातला, एकेक अंडं उन्हाला धरून, फिरवून बघितलं. टिळा कुठंच नव्हता. मग म्हणाली, "घरी न्हाई. हितंच बसवायची. आमची काळी कोंबडी खुडूक हाय. मी बसवणार, मीच फिरवणार, रोज. डालगं माझ्या पडवीत ऱ्हाईल. एकवीस दिसात माझे चार दिस येतीलच. त्या चार दिसात बी हात माझाच लागंल. आणि तुमी हितं ऱ्हायचं. डोळ्यानं बघायचं."

व्याह्याच्या घरी, सुनेच्या माहेरी, एकवीस दिवस. लिंगाप्पा म्हणाला, "अनसे, आगं..." आणि थांबला. म्हाळसाबाई म्हणाली, "ऱ्हाते."

राहिली. लिंगाप्पाच्या घरची भाकरी खाल्ली, त्याच्या शेळ्या राखल्या. गल्लीतल्या बायका विचारायच्या, इनबाई अजून हायती का? ती म्हणायची, हाय. तेराव्या दिवशी अनसा बाजूला बसली. पडवीत एका कोपऱ्यात ती, दुसऱ्यात काळी कोंबडी. सकाळ-संध्याकाळ कोंबडीला उठवून ती अंड्यांना हात लावायची, आणि म्हाळसाबाई उंबऱ्यावर बसून बघायची. सगळं ठाऊक असूनही, मेणाचा ठिपका स्वतःच्या काट्यानं उचललेला असूनही, त्या चारांतल्या तिसऱ्या दिवशी तिच्या मनात आलंच, न्हाई निघाली तर? ते मनात आलं म्हणून तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. लिंगाप्पाची बायको धावत आली. म्हाळसाबाईनं तिला सांगितलं, डास व्हता.

विसाव्या दिवशी अनसानं अंडं कानाला लावलं आणि मग ते सासूच्या कानाला लावलं. आत चिवचिव होती. एकविसाव्या दिवशी कवचाला ताऱ्यासारखा तडा पडला. चोचीवरच्या कडक कणानं पिल्लू आतून कवच गोल कापत आणतं, मध्येच दमून थांबतं. बाहेरून मदत करायची नसते. दुपारपर्यंत सात पिल्लं वाळून कोंबडीच्या पंखाखाली शिरली. दोन अंडी राहिली. तेविसाव्या दिवशी अनसानं ती काढून म्हाळसाबाईच्या पुढ्यात ठेवली.

"ही कुणाच्या सावलीनं?"

म्हाळसाबाईनं ती फिरवून बघितली. "कुणाच्याच न्हाई, बाई. वाटंत हलली असतील. न्हाईतर धरूनसुदा जीव टिकला नसंल. नवातली दोन जात्यातच. असं व्हतं."

"असं व्हतं," अनसा म्हणाली. "मग माझ्या पोटातलं गेलं तवा असं व्हतं म्हणून कामून म्हणाला न्हाई? कोंबडीला म्हणता की."

काळी कोंबडी पिल्लांना माती उकरून दाखवत होती. म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला नाही. रडून सुटका करून घ्यायची नाही, एवढं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

"काय करू सांग," ती म्हणाली.

"आडावर म्हणाला व्हता. आडावरच म्हणा. चन्नम्मा असताना."

त्यानंतर पाचव्या दिवशी दोघी गावात शिरल्या. लिंगाप्पा गाडीनं वेशीपर्यंत सोडून परतला होता. कोंबडी आणि पिल्लांची टोपली अनसाच्या डोक्यावर होती. पाणी भरायची वेळ होती. दोघी घरी न जाता सरळ आडाकडं वळल्या, आणि बायकांनी शेंदता शेंदता हात थांबवले. चन्नम्मा होती. वीरण्णाची बायकोही होती. म्हाळसाबाईनं कमरेची चिंधी सोडून वाळलेलं कुजकं अंडं आडाच्या काठावर ठेवलं.

"ह्याला गढीनं सुई टोचली," ती म्हणाली. आवाज चढलेला होता. गल्लीच्या टोकापर्यंत जावा असाच तिनं चढवला होता. "तीन वरसं. आणि मी माझ्या सुनेला म्हणाले, अंड्यात कुजतंय तसं पोटात कुजतंय. हितं उभी ऱ्हाऊन म्हणाले. खोटं बोलले. कुजलेलं व्हतं ते माझं तोंड. आता पुन्यांदा कुणी हिच्या सावलीचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ हाय. आणि चन्नम्मा, तुझ्या नवऱ्याला सांग, अंबाजीचं लगीन झालेलं हाय."

चन्नम्मा म्हणाली, "आगं, मी आपलं सहज..."

"सहजच," म्हाळसाबाई म्हणाली. "सगळ्यांनी सहजच केलं."

अंबाजी ओरडा ऐकून धावत आला होता. त्यानं पुढं होऊन अनसाच्या डोक्यावरची टोपली घ्यायला हात केला. अनसानं टोपली दिली नाही. ती घराकडं चालू लागली. म्हाळसाबाई तिच्या मागून गेली, आणि सगळ्यांत मागून रिकाम्या हातांनी अंबाजी.

पुढच्या माघात वीरण्णा अंडी घेऊन दारात आला, तेव्हा अनसाला पाचवा महिना होता. म्हाळसाबाई सुपात ज्वारी घोळत होती. तिनं वर बघितलं नाही. "मालकाला म्हणावं, अंड्यावर तूच बस," ती म्हणाली.